दोन कुलाबे आणि एक गळलेलं अक्षर

अलिबागला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक साधारण 38,000 नॅनोटेस्ला भरतो. त्यात 13 नॅनोटेस्लाचा फरक म्हणजे जवळजवळ तीन हजारांत एक. पण गेल्या वर्षी याच 13 नॅनोटेस्लांनी माझे तीन आठवडे खाल्ले. आणखी थोडं दुर्लक्ष झालं असतं, तर ते माझ्या प्रबंधात 'निरीक्षण' म्हणून छापूनही आले असते.

झालं असं. मी जुन्या वर्षांच्या तासातासाच्या नोंदींवरून महिन्याची सरासरी काढत होते. एका वर्षाच्या जून महिन्याचा बिंदू शेजारच्या महिन्यांपेक्षा सुमारे 13 नॅनोटेस्ला वर निघाला. आकडा असा की कुणालाही खटकू नये. चुंबकीय वादळं, ऋतू, सूर्याची त्या काळातली अवस्था अशी कारणं समोर होतीच. मी त्यातलं एक निवडलं आणि दोन परिच्छेद लिहूनही टाकले. मग सरांनी अगदी साधा प्रश्न विचारला, "रोजची सरासरी काढून पाहिलीस का?" काढली. एकोणतीस दिवस शिस्तीत ओळीत, आणि एक दिवस माडासारखा 400 नॅनोटेस्ला वर!

त्या दिवशीच्या एका तासाची नोंदच नव्हती. जुन्या तासवार फाइलींत नोंद नसेल तिथे 9999 लिहायची पद्धत आहे. नव्या मिनिटवार फाइलींत त्याच अर्थाने 99999 लिहितात. माझा सी भाषेतला प्रोग्राम नव्या फाइलींची खूण शोधत बसला आणि 9999 हे खरं मोजमाप समजून बेरजेत घेतलं. तुम्हीच हिशेब करून पाहा. या फाइलींत तासाचा आकडा एका ठरावीक पायाच्या वर मोजलेला असतो. तो एरवी तीनशेच्या आसपास असायचा, तिथे 9999 आला. म्हणजे साधारण 9,700 जास्त. भागिले महिन्याचे 720 तास, उत्तर 13 च्या वर थोडंसं.

प्रोग्राम असा का फसला? कारण कोणत्या प्रकारची फाइल वाचायची हे मी प्रोग्राम कंपाईल करतानाच ठरवत होते. आणि त्या पर्यायाचं नाव दोन ठिकाणी लिहिलं होतं, त्यातल्या एका ठिकाणी एक अक्षर गळलं होतं. वाचणाऱ्या भागात नाव बरोबर, सरासरी काढणाऱ्या भागात चूक. कंपायलरने हूं की चूं केलं नाही.

हा लेख त्या गप्प बसण्याचा इतिहास आहे. कंपाईल करताना घ्यायचे निर्णय सी भाषेत कसे आले, ते का बोकाळले आणि लोकांनी त्यांना वळण कसं लावलं, हे सांगायचंय. (कोडमधले शब्द मी इथे उच्चारानुसार लिहिलेत.) पण आधी आपल्याच किनाऱ्यावरची एक गोष्ट सांगते, कारण नेमका हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी इथे सुटला होता. तेव्हा कॉम्प्युटरचा पत्ताही नव्हता.

वेधशाळा गाव बदलते तेव्हा

रायगडकरांना 'कुलाबा' म्हटलं की अलिबागसमोरचा पाण्यातला किल्ला आठवतो. 1981 साली रायगड हे नाव मिळेपर्यंत आपल्या जिल्ह्याचं नावही कुलाबाच होतं. मुंबईकरांचा कुलाबा मात्र बेटाच्या दक्षिण टोकाला. एकच नाव, दोन गावं, मध्ये समुद्र. हा नावाचा घोळ लक्षात ठेवा, तो पुढे कोडमध्ये पुन्हा भेटणार आहे.

मुंबईच्या कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली वेधशाळा बांधली. तिथे 1841 पासून चुंबकीय मोजमापं सुरू झाली. 1859 च्या सप्टेंबरमध्ये आजवरचं सर्वांत गाजलेलं चुंबकीय वादळ आलं, तेव्हा आडवा घटक सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने घसरल्याचं याच वेधशाळेच्या नोंदींतून कळतं. त्या वादळाचा अभ्यास करणारे जगभरचे लोक आजही कुलाब्याच्या आकड्यांकडे येतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरू लागलं. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परततो आणि काही प्रमाणात जमिनीत झिरपतो. प्रवाह वाहिला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. म्हणजे ट्राम आली की वेधशाळेच्या सुईवर पृथ्वीच्या जोडीला ट्रामचंही मोजमाप होणार. वेधशाळेचे संचालक तेव्हा नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस होते, त्या पदावरचे पहिले भारतीय. चुंबकीय काम कुलाब्याहून हलवायचं ठरलं आणि दक्षिणेला तीसेक किलोमीटरवरचं अलिबाग निवडलं गेलं. इमारती बांधताना लोखंड टाळलं आणि चुंबकीय नसलेला पोरबंदरी दगड वापरला. इथला स्थानिक दगड का चालला नसता? कारण दख्खनचा काळा कातळ स्वतःच थोडा चुंबकीय असतो.

1904 साली अलिबागला नोंदी सुरू झाल्या. आता महत्त्वाचा भाग. अलिबाग सुरू झालं म्हणून कुलाबा लगेच बंद केलं नाही. 1904 ते 1906 अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापं चालली. दोन जागांखालचा कातळ वेगळा, अक्षांश थोडे वेगळे, त्यामुळे आकड्यांत फरक पडणारच होता. तो फरक अंदाजाने नाही, तर मोजून ठरवला. त्यानंतर 1906 साली कुलाब्याचं चुंबकीय काम थांबलं. मुंबईत विजेची ट्राम धावली ती 7 मे 1907 रोजी. मूस यांनी 1846 ते 1905 या काळातल्या कुलाब्याच्या मोजमापांचा मोठा ग्रंथ 1910 साली प्रसिद्ध केला. त्या दोन वर्षांमुळे आज कुलाबा आणि अलिबाग या दोन जागांच्या नोंदी जोडून एकच सलग मालिका म्हणून वापरता येतात. अलिबागची वेधशाळा आता नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि तिथलं काम अजून चालू आहे.

या गोष्टीतले तीन मुद्दे वेगळे काढून ठेवते. एक: जागा आणि दगड हे निर्णय बांधतानाच घ्यावे लागतात, नंतर रोज बदलता येत नाहीत. दोन: नोंद घेणाऱ्या माणसाला रोज सकाळी ते पुन्हा ठरवावे लागले नाहीत. भिंत एकदा पोरबंदरी दगडाची झाली की झाली. तीन: बांधणी बदलली तेव्हा जुनी आणि नवी दोन्ही चालवून ताडून पाहिल्या, आणि कोणता आकडा कुठला हे लिहून ठेवलं.

माझ्या प्रोग्रामात या तिन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती.

आधी कात्री, मग कंपायलर

प्रोग्रामही 'बांधतात'च. होडीचा तळ किती खोल ठेवायचा हे होडी बांधतानाच ठरतं, जाळं कुठे टाकायचं हे समुद्रात गेल्यावर. पहिला निर्णय म्हणजे कंपाईल करतानाचा पर्याय. दुसरा म्हणजे प्रोग्राम चालू असताना घेतलेला निर्णय.

सी भाषा बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांच्या हातून घडली. 1972-73 च्या सुमारास तिला प्रीप्रोसेसर जोडला गेला. रिचींनीच नंतर लिहिलंय की अ‍ॅलन स्नायडर यांच्या आग्रहाचा त्यात वाटा होता. सुरुवातीला त्याला दोनच कामं येत होती: दुसरी फाइल आणून चिकटवणं, म्हणजे #इन्क्लूड, आणि एका शब्दाच्या जागी दुसरा मजकूर घालणं, म्हणजे #डिफाइन. मग माइक लेस्क आणि त्यांच्यानंतर जॉन रायझर यांनी त्यात भर घातली. मॅक्रोला आर्ग्युमेंट्स मिळाले आणि 'अमुक असेल तर एवढा मजकूर ठेव, नाहीतर काढून टाक' ही सोय आली. हीच सशर्त कंपाईल करण्याची सोय, म्हणजे #इफ आणि #इफडेफ. गंमत म्हणजे तेव्हा प्रीप्रोसेसर भाषेचा भागच मानला जात नव्हता. प्रोग्रामच्या सुरुवातीला खास खूण असेल तरच तो जागा व्हायचा.

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच निघतो. प्रीप्रोसेसरला सी येत नाही. त्याला फक्त मजकूर दिसतो. तो कात्री घेऊन बसलेला आहे. #इफडेफची अट खरी नसेल तर मधल्या ओळी तो कापून टाकतो, आणि उरलेला कागद कंपायलरकडे जातो. कापलेल्या ओळींत चूक होती की बरोबर होतं, हे कंपायलरला कधी कळतच नाही. त्याने तो तुकडा पाहिलेलाच नसतो.

त्या काळात ही कात्री फार उपयोगी होती. 1977 च्या सुमारास रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्स पीडीपी-11 वरून इंटरडेटा 8/32 या वेगळ्या घडणीच्या यंत्रावर नेली. एकच प्रणाली दोन यंत्रांवर चालवायची तर काही ठिकाणी मजकूर वेगळा लागणारच. पुढे युनिक्सच्या शाखा फुटल्या. प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळं, प्रत्येकाची लायब्ररी थोडी वेगळी. प्रोग्रामरांनी सगळ्यांत सोपा रस्ता धरला. जिथे अडलं तिथे एक #इफडेफ, मग त्याच्या पोटात आणखी एक. काही वर्षांनी एका फंक्शनमध्ये मूळ काम चार ओळींचं आणि अटी चाळीस ओळींच्या, अशी अवस्था झाली.

1992: 'इफडेफ घातक आहे'

हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी 'सी न्यूज' नावाची प्रणाली लिहिली होती. यूजनेटवरचे संदेश एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पोचवणं हे तिचं काम, त्यामुळे ती शक्य तितक्या जातींच्या यंत्रांवर चालायला हवी होती. त्या अनुभवावर त्यांनी 1992 च्या यूजनिक्स परिषदेत निबंध मांडला. त्याच्या शीर्षकाचा अर्थच 'इफडेफ घातक आहे' असा. शीर्षकाची ढब एड्सगर डाइक्स्ट्रा यांच्या 1968 च्या 'गो-टू' विरुद्धच्या गाजलेल्या पत्राची.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. यंत्रायंत्रांत फरक आहेत हे खरं, पण ते फरक मुख्य कामाच्या मजकुरात पसरवणं ही चूक. आधी ठरवा की मुख्य कामाला नक्की काय हवंय. त्यासाठी एक स्वच्छ फंक्शन ठरवा, त्याचं नाव ठरवा. मग प्रत्येक यंत्रासाठी त्या फंक्शनची वेगळी फाइल लिहा, आणि बांधताना योग्य ती फाइल निवडा. मुख्य कामाला कोणती फाइल निवडली हे माहीत असण्याची गरजच नाही.

अलिबागचा निरीक्षक आठवा. भिंत कसली हे त्याला रोज विचारावं लागत नाही.

माझ्या प्रोग्रामात हे असं बसतं. 'हा तास रिकामा आहे का?' असं विचारणारं एकच फंक्शन. जुन्या तासवार फाइलींसाठी ते 9999 शी ताडून पाहील, नव्यांसाठी 99999 शी. सरासरी काढणाऱ्या भागाला हे दोन्ही आकडे माहीत नसतील, तो फक्त प्रश्न विचारेल. मी काय केलं होतं? सरासरीच्या फंक्शनच्या मधोमध #इफ घातला होता. फाइल वाचणाऱ्या भागात तोच #इफ पुन्हा. एकच निर्णय दोन ठिकाणी घेतला की ते कधीतरी एकमेकांशी भांडणारच.

लिनक्स कर्नलच्या लिहिण्याच्या नियमांतही हाच सल्ला आहे: मुख्य सी फाइलींत शक्यतो #इफडेफ नको, तो हेडर फाइलीत ठेवा. एखादी सोय बंद असेल तर हेडरमध्ये त्याच नावाचं, काहीही न करणारं रिकामं फंक्शन द्या. बोलावणारा बिनधास्त बोलावेल, सोय नसली तर काही होणार नाही.

सगळे निर्णय एका पानावर

दुसरी सुधारणा झाली ती निर्णय घेण्याच्या जागेत. 1991 साली डेव्हिड मॅकेन्झी जीएनूची बरीच छोटी-मोठी साधनं सांभाळत होते. प्रत्येक यंत्रावर प्रत्येक साधन हाताने जुळवणं त्यांना नकोसं झालं, आणि त्यातून ऑटोकॉन्फ निघालं. त्याची युक्ती छान आहे. 'तू कोणतं यंत्र आहेस?' असं ते विचारत नाही. 'तुझ्याकडे हे फंक्शन आहे का?' असं विचारतं, छोटा प्रोग्राम कंपाईल करून खात्री करतं आणि उत्तरं एका हेडर फाइलीत लिहून ठेवतं. म्हणजे सगळे पर्याय एका पानावर आले. वाचायला, ताडायला, जपून ठेवायला सोपं.

लिनक्सचं पान मात्र एवढं मोठं झालं की त्यासाठी वेगळी भाषाच लागली. 2002 साली रोमन झिप्पेल यांनी लिहिलेली के-कॉन्फिग कर्नलमध्ये आली. तिच्यात प्रत्येक पर्यायाला नाव, प्रकार, मदतीचा मजकूर आणि अवलंबित्व लिहिता येतं: हा हवा असेल तर तो हवाच, तो असेल तर हा चालणार नाही. आज कर्नलमध्ये असे दहा हजारांहून जास्त पर्याय आहेत. त्यांची नावं एका ठरावीक शब्दाने सुरू होतात, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या नावाशी गल्लत होत नाही.

इथे आपले दोन कुलाबे परत येतात. 'कुलाबा किल्ला' म्हटलं तर अलिबाग, 'कुलाबा वेधशाळा' म्हटलं तर मुंबई. नुसतं 'कुलाबा' म्हटलं तर ऐकणारा कुठे राहतो त्यावर अर्थ ठरणार. मॅक्रोला गाव नसतं, त्याचं नाव सगळीकडे पसरतं. 'डीबग' किंवा 'अवरली' असं मोघम नाव दिलं आणि एखाद्या लायब्ररीच्या हेडरमध्येही तेच निघालं, तर कोणता अर्थ लागेल हे फाइली कोणत्या क्रमाने चिकटल्या त्यावर ठरतं. म्हणून पर्यायाच्या नावाला स्वतःच्या प्रकल्पाचं आडनाव लावा.

गप्प बसणारा शून्य

आता माझं गळलेलं अक्षर. 1989 च्या अमेरिकी मानकात, म्हणजे ज्याला आपण अन्सी सी म्हणतो त्यात, नियम स्पष्ट आहे: #इफच्या अटीत एखादं नाव आलं आणि ते कुठेच #डिफाइन केलेलं नसेल, तर त्याची किंमत शून्य धरायची. चूक म्हणून थांबायचं नाही, शून्य धरून पुढे जायचं. माझ्या चुकलेल्या नावाची किंमत शून्य धरली गेली, अट खोटी ठरली, कात्रीने 9999 चा तुकडा कापला आणि 99999 चा ठेवला. नियमाप्रमाणे सगळं बरोबर!

#इफडेफ वापरला असता तरी वाचले नसते. तो फक्त 'हे नाव आहे का?' एवढंच विचारतो, आणि चुकलेलं नाव कधीच नसतं. 'मुद्दाम बंद ठेवलंय' आणि 'लिहायला चुकलंय' या दोन्हींत त्याला काही फरक दिसत नाही. ही खरी गोम आहे.

यावर लोकांनी शोधलेले उपाय सांगते. एकेक अगदी छोटा आहे.

पहिला: प्रत्येक पर्याय नेहमी #डिफाइन करा. चालू असेल तर 1, बंद असेल तर 0. 'नाव नाही' ही अवस्था मग फक्त चुकीचीच असू शकते. जीसीसी कंपायलरला 'डब्ल्यू-अनडेफ' नावाची सूचना चालू करायला सांगा, म्हणजे #इफमध्ये अनोळखी नाव दिसलं की तो ओरडतो. माझं अक्षर यानेच पहिल्या मिनिटात पकडलं असतं.

दुसरा: जमेल तिथे #इफ सोडा आणि साधा सी मधला इफ वापरा. पर्याय 0 किंवा 1 असल्याने हे चालतं. कंपायलर दोन्ही फांद्या वाचतो, तपासतो, आणि जी कधीच चालणार नाही ती अंतिम प्रोग्राममधून स्वतःच गाळतो. वेग तोच, आकार तोच, पण न तपासलेला कोपरा उरत नाही. नाव चुकलं तर ही सरळ चूक ठरते, कंपाईल होतच नाही. लिनक्समध्ये यासाठी 'इज-एनेबल्ड' नावाचा मॅक्रो आहे, आणि नियमावलीही शक्य तिथे तोच वापरा असं सांगते. अर्थात एखादी लायब्ररी यंत्रावर मुळात नसेलच, तर तिची फंक्शन्स कंपायलरला दाखवता येत नाहीत. तिथे #इफ लागतोच. म्हणून तो एका वेगळ्या फाइलीत कोंडून ठेवायचा.

तिसरा: नको त्या जोड्या बांधतानाच अडवा. एकाच वेळी 'जुनी तासवार' आणि 'नवी मिनिटवार' दोन्ही चालू असतील किंवा दोन्ही बंद असतील, तर #एरर लिहून कंपाईल थांबवा. याला तीन ओळी लागतात.

चौथा: सगळ्या जोड्या बांधून पाहा. दहा होय-नाही पर्याय असतील तर 1,024 प्रकारचे प्रोग्राम होतात, वीस असतील तर 10,48,576. तुम्ही रोज वापरता तो त्यातला एक. बाकीचे कंपाईल तरी होतात का? लिनक्समध्ये सगळे पर्याय चालू, सगळे बंद, आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे कुठलेही, अशा तिन्ही प्रकारे कर्नल बांधून पाहायची सोय आहे. माझ्याकडे सहाच पर्याय होते, म्हणजे 64 प्रकार. ते सगळे बांधायला चहा होईपर्यंतचा वेळ लागला, आणि त्यातले काही मुळात कंपाईलच होत नाहीत हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पण हे बांधतानाच ठरवायचं होतं का?

हा प्रश्न मी सगळ्यांत शेवटी विचारला. विचारायला हवा होता सगळ्यांत आधी.

चुंबकीय क्षेत्राचंच एक उदाहरण घ्या. वर्ल्ड मॅग्नेटिक मॉडेल हे पृथ्वीच्या क्षेत्राचं गणिती रूप दर पाच वर्षांनी नव्याने काढतात. जहाजं आणि विमानांपासून मोबाइलमधल्या होकायंत्रापर्यंत त्याचा वापर होतो. त्याच्यासोबत सी भाषेतला प्रोग्राम मिळतो, पण गुणांक प्रोग्रामात कोरलेले नसतात, ते वेगळ्या फाइलीत असतात. 2015 च्या मॉडेलची मुदत 2019 अखेरपर्यंत होती. पण उत्तर ध्रुवाकडचं क्षेत्र अपेक्षेपेक्षा भराभर बदललं आणि 2019 च्या फेब्रुवारीतच सुधारित आवृत्ती काढावी लागली. ज्यांचे गुणांक फाइलीत होते त्यांनी फाइल बदलली. ज्यांनी कोडमध्ये कोरले असतील त्यांना प्रोग्राम पुन्हा बांधून पुन्हा वाटावा लागला असेल.

यातून एक साधी कसोटी हाती लागते. जी गोष्ट प्रोग्रामच्या आयुष्यात बदलू शकते, ती चालताना ठरू द्या. जी त्या यंत्राशीच बांधलेली आहे, ती बांधताना ठरवा. वेधशाळेच्या छोट्या डेटा-लॉगरवर मोजकीच मेमरी असते, सेन्सर एकच जोडलेला असतो. तिथे दुसऱ्या सेन्सरचा कोड कापून टाकणंच शहाणपणाचं. माझा प्रोग्राम मात्र लॅपटॉपवर चालतो. एका दिवसात त्याच्यासमोर 1930 सालची फाइलही येते आणि गेल्या महिन्याचीही. मी अलिबागची भिंत बांधल्यासारखा निर्णय घेत होते, आणि काम होतं रोज नवं जाळं टाकण्याचं.

म्हणून आता फाइलीचा प्रकार प्रोग्राम स्वतः ओळखतो. नव्या फाइलींना शीर्षक असतं. त्यात वेधशाळेचं नाव, अक्षांश-रेखांश, कोणते घटक नोंदले आहेत, सेन्सर कसा बसवलाय, सगळं लिहिलेलं असतं. जुन्या फाइलींची ओळ नेमकी 120 अक्षरांची असते. दोन्ही ओळखायला सोप्या आहेत. माझ्या सहा पर्यायांपैकी बांधताना ठरणारे दोनच उरले. ते एका हेडरमध्ये आहेत, 0 किंवा 1 असे, आडनावासकट. आणि निकालाच्या प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर प्रोग्राम स्वतः लिहितो की तो कोणत्या पर्यायांनी बांधला गेला होता. पाच वर्षांनी कुणी माझा आलेख उघडला, तर कोणता आकडा कुठल्या बांधणीतून आला हे त्याला मला न विचारता कळायला हवं.

जुना आणि नवा प्रोग्राम मी महिनाभर शेजारी-शेजारी चालवले. त्याच फाइली, दोन निकाल, आणि प्रत्येक फरकाचं कारण वहीत. बहुतेक महिन्यांत फरक शून्य. काही महिने मात्र 13 ने, एक महिना 26 ने खाली आला. प्रत्येक वेळी जाऊन मोजलं तर तेवढेच रिकामे तास सापडले. तो जूनही आता शेजारच्या महिन्यांच्या ओळीत मुकाट बसलाय, आणि त्याचं कारण सांगणारे माझे ते दोन परिच्छेद कचऱ्यात गेले.

तुमच्याकडे सी मधलं जुनं कोड असेल, स्वतःचं किंवा आधीच्या विद्यार्थ्याकडून वारशाने आलेलं, तर आज एकच करा. 'डब्ल्यू-अनडेफ' चालू करून ते एकदा कंपाईल करा. बहुधा काही निघणार नाही. निघालं, तर आलेख पुन्हा काढायच्या आधी रोजची सरासरी बघून घ्या.